माझ्या नावावरची पावलं

चेन्नईतल्या वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या बाल्कनीपासून हॉलच्या खिडकीपर्यंत बावीस पावलं होतात. सोफ्याला वळसा घातला तर पंचवीस. एका उन्हाळ्यात मी ती इतक्या वेळा मोजली की पुढे डोळे मिटूनही चालता आलं असतं. पण मोजायचे जास्त आणि चालायचे कमी, असंच तेव्हा चाललं होतं.

आम्ही दोघं मूळचे साताऱ्याकडचे. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात. पहाटे सव्वापाचला कोपऱ्यावर त्याची कंपनीची बस यायची, आणि तो गेला की घर माझ्या एकटीचं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत, विम्याच्या दाव्यांचं काम बघणाऱ्या टीममध्ये. आमच्या ऑफिसने मजला रिकामा केला तेव्हापासून बेडरूमच्या खिडकीखालचं टेबल हेच माझं ऑफिस. नऊला बसायचं ते सहाला उठायचं. मध्ये पाणी, चहा, जेवण, तेही पुष्कळदा की-बोर्डच्या शेजारीच. तीन वर्षांत माझे जुने ड्रेस एकेक करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले. संध्याकाळी उठताना गुडघे कुरकुरायचे, पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायचे. साखर तपासली तर काठावर निघाली. आई फोनवर विचारायची, रोज चालतेस ना? मी म्हणायचे, हो. खोटं बोलायला मी तिथूनच सुरुवात केली असावी.

अशात कंपनीने स्पर्धा काढली. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला मनगटावर बांधायचा एक बँड पाठवला. सहा आठवडे, रोज किमान आठ हजार पावलं, आणि टीमची सरासरी. दर सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर यादी पडद्यावर लावायचे. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवायचा नाही. पण त्या दिवसांत ऑफिसमध्ये माणसं कमी करण्याची कुजबुज होती. आमच्याच टीममधले दोघं महिन्याभरात गेले होते, आणि त्यामुळे कसलीही यादी पडद्यावर आली की मी आधी शेवटची ओळ वाचायचे. पहिल्या सोमवारी माझं नाव सगळ्यात खाली होतं. मॅनेजर म्हणाले की टीम म्हणजे साखळी, तिची एक कडी कमकुवत असली की बाकीच्यांचा काही उपयोग नाही. नाव माझं घेतलं नाही. गरजही नव्हती.

मी प्रयत्न केला, असं मला अजून स्वतःला सांगावंसं वाटतं. संध्याकाळी सहाला खाली उतरले तर उन्हाने रस्ता अजून तापलेला, पाठीला कुर्ता चिकटलेला, आणि पंधरा मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. मग घरातच चालून बघितलं. हेडफोन लावून कॉल चालू ठेवायचा आणि बाल्कनी ते खिडकी, खिडकी ते बाल्कनी. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने विचारलं, तुम्ही बाहेर आहात का, धाप लागल्यासारखा आवाज येतोय. मी घाईने खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी साडेतीन हजार झाली होती.

आमच्याकडे अक्का कामाला यायच्या. इकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि कामाला येणाऱ्या बाईलाही. वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त, पण दिसायच्या बऱ्याच मोठ्या. सडपातळ, काटक, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. सकाळी पावणेआठला येऊन केर-फरशी करायच्या, मग आसपासच्या इमारतींमधली आणखी तीन घरं, आणि दुपारी दोनला परत येऊन आमची भांडी. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ मोडकंतोडकं. तरी आमचं जमायचं. त्या मला 'मा' म्हणायच्या आणि मी केलेला स्वयंपाक बघून मान हलवायच्या. ती पसंती की नापसंती, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी मी कणीक मळताना बँड काढून ओट्यावर ठेवला. अक्कांनी तो उचलला, हातावर धरून बघितला, विचारलं, घड्याळ आहे का? मी म्हटलं, घड्याळासारखंच, बांधून बघा. त्यांनी बांधला आणि फरशी पुसायला घेतली. तेवढ्यात मला फोन आला, मी टेबलाशी गेले, आणि दोघीही विसरलो. दुपारी दोनला त्या परत आल्या, ओशाळून बँड काढून दिला, म्हणाल्या, तिसऱ्या घरी पोचल्यावर लक्षात आलं. मी म्हटलं, असू दे. रात्रीच्या जेवणाआधी मोबाइल उघडला तर माझ्या नावापुढे पंधरा हजार सहाशे पावलं.

मी तो आकडा पुसून टाकू शकले असते. कंपनीला लिहिता आलं असतं की चूक झाली. मी नुसती बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी टीमच्या ग्रुपवर माझं अभिनंदन आलं. चौघांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. त्यातलं एक मॅनेजरचं होतं.

अक्का आल्या तेव्हा मी बँड त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, ऑफिसने तपासायला दिलाय, नीट चालतो की नाही ते बघायचंय, दुपारपर्यंत घालाल का? त्यांनी लगेच हात पुढे केला. त्यांना तो आवडला होता. दुसऱ्या घरच्या बाईंनी विचारलं म्हणे, नवीन घेतला का. मी पट्टा लावून दिला. त्यांचं मनगट इतकं बारीक होतं की शेवटच्या भोकापर्यंत ओढावा लागला.

तिसऱ्या सोमवारी मी यादीत मधोमध होते. चौथ्या सोमवारी वरून दुसरी. मॅनेजर म्हणाले, इच्छा असली की घरात बसूनही काय करता येतं याचं हे उदाहरण आहे, आणि पुढच्या बुधवारी मी सगळ्या विभागासमोर पाच मिनिटं बोलावं. मी बोलले. इंटरनेटवरून पाच-सहा गोष्टी गोळा केल्या होत्या. प्रत्येक कॉल उभ्याने घ्यायचा, तासाला एकदा खुर्चीला धरून पंधरा उठाबशा, लिफ्ट सोडून जिना, पाण्याचा तांब्या मुद्दाम लांब ठेवायचा. एवढं सगळं मी खुर्चीत बसून सांगितलं. कॅमेरा छातीपासून वरच होता. नंतर कोइम्बतूरहून काम करणाऱ्या एका नवीन मुलाने मेसेज केला, की त्याची पाठ वर्षभर दुखतेय, आणि आजपासून तो मी सांगितलेलं सगळं करणार आहे. मी त्याला शुभेच्छा दिल्या.

नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. रविवारी त्याने सहज विचारलं, तू जिने चढतेस? मी हो म्हटलं. तो दाराशी गेला, चपलांच्या रॅकमधले माझे कोरे पांढरे बूट बघितले, आणि परत येऊन टीव्ही लावला.  मी मात्र दिवसभर वाट बघत राहिले की हा आता विचारेल, मग विचारेल.

पाचव्या आठवड्यात बँडच्या अॅपवर लाल खुणा यायला लागल्या. विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके जास्त आहेत, असा संदेश. मी तो बोटाने बाजूला सारायचे. मला पावलांशी मतलब होता, दुसरा आलेख मी उघडलासुद्धा नव्हता. शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. स्पर्धेसाठी कंपनीने नेमलेल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर बोलत होत्या. तरुण आवाज, हिंदी स्वच्छ. त्यांनी माझं वय विचारलं, मग विचारलं, छातीत धडधड होते का? पायऱ्या चढताना थांबावं लागतं का? रात्री आडवं झाल्यावर धाप लागते, उशा जास्त लागतात का?

मी म्हटलं, नाही, मला काही होत नाही.

"तुमची रात्रीची नाडी अगदी छान आहे," त्या म्हणाल्या. "पण सकाळी आठनंतर ती एकशे तीस, एकशे चाळीसवर जाते आणि पार वेडीवाकडी होते. तुम्ही एक पाऊलही चालत नसता तेव्हासुद्धा. दोनपर्यंत तसंच, मग पुन्हा शांत. सकाळी आठ वाजता तुमच्या आयुष्यात नेमकं काय होतं?"

सकाळी आठ वाजता मी अक्कांच्या हातावर पट्टा ओढून बसवायचे. ते मी बोलले नाही. म्हटलं, कामाचा ताण असेल, बँड सैल असेल. त्या म्हणाल्या, मग आत्ता घट्ट बांधा, दोन मिनिटं शांत बसा आणि आकडा वाचून दाखवा. मी म्हटलं, चार्जिंगला लावलाय. त्या म्हणाल्या, हरकत नाही, मनगटावर बोटं ठेवा, मी घड्याळ लावते, तुम्ही मोजा.

मी माझीच नाडी मोजली. भीतीने जलद होती, पण एका लयीत होती. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, आत्ता ठीक वाटतंय, पण असा त्रास येतो आणि जातो. अशात रक्ताची गुठळी होऊन ती डोक्यात जाऊ शकते, म्हणून आजच्या आज ईसीजी काढा, जिने चढू नका, संध्याकाळी मी पुन्हा फोन करते.

फोन ठेवला आणि एकामागून एक आठवत गेलं. फरशी पुसताना अक्का मध्येच बादली उलटी करून तिच्यावर बसायच्या. पाणी मागून घ्यायच्या आणि ग्लास दोन्ही हातांनी धरायच्या. महिन्यापूर्वी त्यांनी छातीवर तळहात आपटत मला 'पडपड, पडपड' असं काहीतरी सांगितलं होतं, आणि मी, तमिळ न कळल्यासारखं हसून, उन्हाळा फार आहे म्हटलं होतं. मला तेव्हा कळलं होतं. धडधड कुठल्याही भाषेत धडधडच ऐकू येते.

साडेदहाला मीटिंग होती. ज्यांचं काम आम्ही करतो ती माणसं, मॅनेजर, मॅनेजरचे मॅनेजर. बोलायचं मला होतं.

 मी मीटिंगला बसले. स्वतःला सांगितलं की अक्का नेमक्या कुठे आहेत ते मला माहीत नाही, त्यांचा फोन मुलाकडे असतो, दोनला त्या येतीलच. पडद्यावर तक्ते सरकवत, कुठल्या महिन्यात किती दावे अडकले ते मी सांगत होते. माझा आवाज मला लांबून येत होता. खाली रस्त्यावर शेअर-ऑटोवाले स्टेशन, स्टेशन असं ओरडत होते. एकदा कुठेतरी काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मी वाक्याच्या मध्येच थांबले. मॅनेजर म्हणाले, आवाज गेला बहुतेक. मी म्हटलं, नाही, आहे. पन्नास मिनिटं चालली ती मीटिंग. शेवटी सगळ्यांनी छान झालं म्हटलं. मी लॅपटॉप तसाच उघडा टाकला, किल्ली घेतली आणि निघाले.

अक्का एवढंच म्हणायच्या की निळ्या गेटच्या इमारतीत दोन घरं आहेत. ती गल्लीच्या टोकाला होती. मी भर उन्हात पळत सुटले. किती वर्षांनी पळत होते कोण जाणे. शंभर-दीडशे पावलांतच बरगडीत कळ आली, तोंड कोरडं पडलं, तरी थांबायचं धैर्य झालं नाही. वॉचमनला विचारलं तर त्याने वर बोट दाखवलं. चौथा मजला. लिफ्टच्या दारावर पाटी होती, कामाला येणाऱ्यांनी जिना वापरावा. आमच्याही लिफ्टवर अशीच पाटी आहे. तिच्यासमोरून मी रोज गेले असेन.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अक्का पायरीवर बसल्या होत्या. पाठ भिंतीला, तोंड उघडं, एका हाताने कठडा धरलेला. ओठांचा रंग मला वेगळा वाटला. दुसऱ्या हातावर बँडचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मला बघून त्या उठायला लागल्या. बहुतेक वाटलं असावं, बसलेलं पकडलं म्हणून मी रागावणार.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दोघींनाही बोलता येत नव्हतं, इतकी धाप लागली होती. मग माझ्या मोडक्या तमिळमध्ये, मध्ये हिंदी घालत, मी सांगितलं की या घड्याळात हृदयाचे ठोके दिसतात, तुमचे बरोबर नाहीत, डॉक्टरांनी आजच्या आज दाखवायला सांगितलंय.

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. म्हणाल्या, उद्यापासून येऊ नको म्हणायचंय का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग बाकीच्या घरांत बोलू नका. त्यांना आजारी बाई नको असते. एक दिवस सांधे धरले म्हणून गेले नव्हते, तर तिसऱ्या घरी दुसरी बाई उभी होती. आणि मग त्यांनी बँडकडे बघत विचारलं, "पण हे तर तुमच्या ऑफिसचं. ऑफिसला माझ्या छातीशी काय करायचंय?"

खोटं सांगायला तिथे जागाच उरली नव्हती. मी सांगितलं. ऑफिसने मला चालायला सांगितलं होतं, मी चालत नव्हते, म्हणून तुम्हाला घातला. तुमची पावलं माझी म्हणून दाखवली.

त्यांनी मनगट फिरवून तो हिरवा दिवा बघितला. रागाने बघतायत असंही म्हणता येईना.

"म्हणजे मी चालले," त्या म्हणाल्या, "आणि ते तुमच्या नावावर?"

मी मान हलवली. त्यांनी पट्टा सोडवला आणि बँड माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, वरच्या घरी भांडी राहिलीत. मी म्हटलं, मी करते. त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. तरी त्या उठल्या नाहीत, आणि मी वर गेले. दार उघडणाऱ्या बाईंना सांगितलं की अक्कांना बरं नाही, मी त्यांना घेऊन जातेय. त्या बाईंनी माझ्या घामाने थबथबलेल्या कुर्त्याकडे बघून विचारलं, मग भांडी?  मी म्हटलं, आज तुम्ही घासा, आणि जिना उतरले.

स्टेशनच्या पायऱ्या नकोत म्हणून आम्ही ऑटो केला. वाटेत मी डॉक्टरांना फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.  मला वाटलं आता त्या मला झाडतील. त्यांनी एवढंच विचारलं, त्यांना लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? मी अक्कांना विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं, हो म्हणाल्या, नऊ वर्षांची असताना, दोन महिने अंथरुणात होते. डॉक्टर म्हणाल्या, सरळ मोठ्या सरकारी इस्पितळात न्या, हृदयाच्या विभागात, आणि हे सगळं तिथे सांगा. शेवटी म्हणाल्या, तुमची नोंद मला कंपनीला कळवावी लागेल. मी म्हटलं, कळवा.

इस्पितळात आम्ही सहा तास होतो. चिठ्ठी, रांग, ईसीजी, पुन्हा रांग. खुर्ची एकच मिळायची, तिथे अक्का बसायच्या आणि मी उभी. माझा फोन पिशवीत थरथरत राहिला, मी बघितला नाही. इको काढणाऱ्या डॉक्टरांनी पडद्याकडे बोट करून अक्कांना समजावलं की लहानपणीच्या त्या तापाने हृदयातली एक झडप आकसलीय, दार पुरतं उघडत नाही, म्हणून धाप आणि धडधड. फुग्याने ती रुंद करता येते, पण त्याआधी गोळ्या, आणि आता जिने नाहीत, फरशा नाहीत, बादल्या नाहीत. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाल्या, दार म्हणे उघडत नाही. आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांचा मुलगा येईपर्यंत मी थांबले. तो एका गॅरेजमध्ये कामाला होता, तसाच काळ्या हातांनी आला. अक्कांनी त्याला माझ्याबद्दल काय सांगितलं ते कळलं नाही. जाताना तो माझ्याशी बोलला नाही.

घरी आले तेव्हा नवरा आलेला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला अंदाज आला होता. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, तुझ्या नोकरीचा प्रश्न होता, मी काय बोलणार. मला त्याचा इतका राग आला की मी ताट तसंच सोडून उठले. राग खरा कोणाचा होता ते कळायला पुढे काही दिवस गेले.

मॅनेजरला मी स्वतः मेल लिहिला, डॉक्टरांचं पत्र पोचायच्या आत. सोमवारी यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे रेघ होती आणि आमची टीम स्पर्धेतून बाद होती. कोणी काही विचारलं नाही. ते जास्त जड गेलं. दुपारी मॅनेजरने एकटीला कॉलवर घेतलं. म्हणाले, चालणं होत नाही हे तुम्ही सांगू शकला असतात. मी हो म्हटलं, पण मला अजून वाटतं की नसते सांगू शकले. फाइलमध्ये लेखी समज गेली, त्या वर्षीची पगारवाढ गेली, नोकरी राहिली. कोइम्बतूरच्या त्या मुलाला मी कळवलं की मी जे सांगितलं त्यातलं काहीही मी स्वतः केलेलं नाही. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. लिहिलं होतं, वाईट वाटलं, पण उठाबशांनी पाठ खरंच बरी आहे, तेव्हा मी त्या चालू ठेवतोय.

अक्का तीन आठवडे आल्या नाहीत. मी दर दोन दिवसांनी त्यांच्या घरी जायचे, तलावामागच्या वस्तीत. कधी मुलगा दारातूनच सांगायचा, झोपलीय. कधी आत घ्यायचा. चार घरांपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली होती. आमच्याकडे मी कोणी ठेवली नाही. केर-फरशी मी स्वतःच करायला लागले, लॉग-इन करायच्या आधी, ओढणी खोचून, गुडघ्यांवर बसून. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आल्या की खुर्चीत बसताना ओरडायला व्हायचं. पुण्य मिळवायला म्हणून नव्हतं ते. दुसऱ्या बाईच्या हातात फडकं द्यायला मला जमेना, एवढंच.

फुग्याची शस्त्रक्रिया पावसाळ्याच्या तोंडावर झाली आणि नीट झाली. त्या सकाळी वॉर्डाबाहेर मी आणि त्यांचा मुलगा शेजारी बसलो होतो, अडीच तास. तो एकदाच बोलला. त्याने विचारलं, ते घड्याळ घातलं नसतं तर कळलं असतं का? मी म्हटलं, नाही बहुतेक. तो म्हणाला, आणि त्या दिवशी तुम्ही आला नसता तर? मला त्या पन्नास मिनिटांबद्दल त्याला सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात नर्सने दार उघडून त्याच्या आईचं नाव पुकारलं, आणि ते राहून गेलं ते आजवर राहिलं आहे.

अक्का आता आमच्याकडे भाजी चिरायला आणि पोळ्या लाटायला येतात, खुर्चीवर बसून. लिफ्टने येतात. पाटीबद्दल मी सोसायटीत तीन वेळा बोलले, पाटी अजून आहे, पण वॉचमन आता दुसरीकडे बघतो. पोळ्या त्यांना मी शिकवल्या, आणि त्यांच्या आता माझ्याहून चांगल्या होतात.

डॉक्टरांनी त्यांना रोज सपाट रस्त्यावर सावकाश अर्धा तास चालायला सांगितलंय. सकाळी सहाला तलावाकाठच्या वाटेवर मी त्यांना भेटते. त्यांचा वेग कमी, म्हणून माझाही कमी. पहिले काही दिवस आम्ही न बोलता चाललो. मग त्या एकेका झाडाचं तमिळ नाव सांगायला लागल्या आणि मी चुकले की पुन्हा म्हणायला लावायच्या. माझं ते सगळं त्यांनी माफ केलंय का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, आणि त्यांनी तो विषय काढलेला नाही.

मागच्या आठवड्यात बाकावर बसलेल्या त्यांच्या ओळखीच्या एका बाईंनी माझ्याकडे हनुवटी करून विचारलं, ही कोण? एवढं तमिळ आता मला कळतं. मी ऐकत उभी राहिले. अक्कांनी चप्पल झटकली, खडा काढला, आणि म्हणाल्या, "समोरच्या इमारतीतली आहे. हिला चालायची सवय नाही, म्हणून घेऊन येते."

त्या बाईंनी माझ्याकडे दयेने बघितलं.  साडेसहा झाले होते, आणि तलावाचा अर्धा फेरा अजून बाकी होता.